नानांची खडूची रेघ

आमच्या कुत्र्याने एका रविवारी स्वयंपाकघराची रेघ ओलांडली आणि त्याच्या धक्क्याने नाना पडले, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. ती रेघ ओलांडायला त्याला कोणी शिकवलं, हे फक्त मला माहीत आहे. याला दहा वर्षं झाली. हे मी बायकोला सांगितलं नाही, मुलीला सांगितलं नाही. नानांनी तर मला समोरासमोर विचारलं होतं, त्यांनाही सांगितलं नाही.

नाना म्हणजे माझे सासरे. मिरजेला रेल्वेत केबिनमन होते. गाडी कोणत्या रुळावर घ्यायची आणि सिग्नल कधी पाडायचा, यात त्यांचा जन्म गेला. सासूबाई गेल्यावर माझ्या बायकोने, वंदनाने, त्यांना आमच्याकडे इंग्लंडात, लेस्टरला आणलं. रस्ता ओलांडण्यापूर्वी ते उजवा हात आडवा धरून स्वतःशीच म्हणायचे, “लाइन क्लिअर.” मगच पाऊल टाकायचे. बेलग्रेव्ह रोडवर रिकाम्या रस्त्याच्या कडेला हात धरून उभा राहिलेला हा म्हातारा पाहून मला आधी थोडी लाज वाटायची. पुढे सवय झाली.

आमच्या मुलीच्या, मीराच्या, आठव्या वाढदिवसाला मी पिल्लू आणलं. मी डॉक्टर आहे त्या हॉस्पिटलमधल्या एका सिस्टरच्या लॅब्रॅडॉरला झालेलं, तांबूस रंगाचं, आठ आठवड्यांचं. मीराने नाव ठेवलं रस्टी. नानांनी पहिल्याच दिवशी त्याचं रस्त्या केलं.

“आणलंस खरं,” वंदना म्हणाली, “पण त्याला वळण कोण लावणार? मी दिवसभर फार्मसीत. तू तर घरात फक्त झोपायला येतोस.”

“मी लावतो,” नाना म्हणाले. “मला तरी इथे काय काम आहे? टीव्हीवर स्नूकर बघायचं.”

त्यांनी काम एखादं स्टेशन चालवावं तसं चालवलं. दर दोन तासांनी, आणि प्रत्येक खाण्यानंतर, रस्त्याला मागच्या दाराने बागेत नेऊन उभं करायचं. पाऊस असो, बर्फ असो, नाना कानटोपी घालून शेजारी उभे. त्याने काम उरकलं की “शाब्बास”, तेही एकदाच. घरात कार्पेटवर झालं तर ओरडायचं नाही, मुकाट्याने पुसायचं. “चूक त्याची नाही, डॉक्टर,” ते मला म्हणायचे, “आपलं टाइमटेबल चुकलं.” मला ते कायम डॉक्टर म्हणायचे, अहो-जाहो करायचे.

जेवणाची वाटी खाली ठेवली तरी “घे” म्हटल्याशिवाय तोंड लावायचं नाही. बाहेरचं दार उघडं असलं तरी “चल” म्हटल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पाय टाकायचा नाही. शब्द कोणते, हे त्यांनी कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवलं होतं. बस. थांब. घे. चल. ये. मीरा कुरकुरायची.

“आजोबा, रस्टी माझा शूज खाल्ली! मी त्याला स्टॉप इट म्हटला, तो ऐकतच नाय!”

“तू स्टॉप इट म्हणणार, आई नो म्हणणार, मी थांब म्हणणार. त्याने कुणाचं ऐकायचं? आणि शूज जिन्यात टाकले कुणी?”

“आय डोन्ट नो,” असं म्हणून ती हसू दाबत बुटांकडे बघायची.

“कुत्र्याला दोन भाषा येतील गं, पण दोन नियम येणार नाहीत.”

त्यांनी त्याला कधी मारलं नाही. एकदा मी वर्तमानपत्राची गुंडाळी उगारली, तेव्हा त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. “मारलं की त्याला मार कळतो. नियम तसाच राहतो, न कळलेला.”

स्वयंपाकघराची रेघ हा सगळ्यांत कडक नियम. आमचं टेरेस हाउस, म्हणजे एका ओळीत चिकटून बांधलेल्या घरांतलं एक, स्वयंपाकघर आगगाडीच्या डब्याएवढं. गॅस दाराला लागून. दुपारी नाना तिथे स्वयंपाक करायचे. कुत्रं पायात आलं तर कढईसकट खाली, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं. दारातल्या लिनोच्या गुळगुळीत जमिनीवर त्यांनी खडूने रेघ मारली आणि तीन आठवडे रोज ती नव्याने मारली. नंतर पुसून गेली, पण रस्त्या बरोबर तिथे येऊन बसायचा. आत भजी तळली जात असली तरी. “आता बघा,” नाना अभिमानाने सांगायचे, “खडू गेला, रेघ राहिली. पण घरातल्या एकानेही ती मोडायची नाही. एकाने मोडली की सगळ्यांची मोडली.”

ती मी मोडली.

त्या हिवाळ्यात एका रात्रपाळीत माझ्या हातून एक निदान उशिरा झालं आणि तरुण बाई दगावली. चौकशी झाली नाही, कुणी काही बोललंही नाही. माझ्या वरच्या कन्सल्टंटने खांद्यावर हात ठेवला, तेवढंच. सकाळी नऊला घरी आलो. वंदना कामावर, मीरा शाळेत, नाना लायब्ररीत पेपर वाचायला गेलेले. टोस्टरमध्ये दोन स्लाइस टाकले आणि ओट्याला टेकून उभा राहिलो. रस्त्या रेघेवर बसून माझ्याकडे बघत होता. त्या क्षणी मला कुणीतरी जवळ हवं होतं. टोस्ट उडाले. मी एकाचा तुकडा मोडला आणि म्हटलं, “ये.”

तो आला नाही. हे मला लिहिलंच पाहिजे. तो जागेवरच चुळबुळला, त्याने मागे दाराकडे पाहिलं. मी खाली बसलो, दोनदा, तीनदा म्हटलं, “ये रे, कुणी नाही घरात.” मग आला.

पुढे प्रत्येक रात्रपाळीनंतरच्या सकाळी हे होऊ लागलं. टोस्टर वाजला की बोलवावंही लागेना. नाना परत यायच्या आत मी लिनोवरचा चुरा पुसून ठेवायचो.

त्या रविवारी मीराला ताप होता आणि तिने टोस्ट मागितला. नाना कधी टोस्टच्या वाटेला जात नसत, त्यांना सकाळी पोळी लागायची. वंदना वर मीराजवळ होती, मी पुढच्या खोलीत. नानांनी टोस्टर लावला आणि उकळत्या दुधाचं भांडं गॅसवरून उतरवलं. टोस्ट उडाल्याचा आवाज आला आणि माझ्या पायाशी पडलेला रस्त्या ताडकन उठून धावला. मी हाक मारायला तोंड उघडलं. तोवर भांडं पडल्याचा आवाज आला होता.

दूध हातावर सांडलं होतं, पण खरं दुखणं खुब्याचं होतं. ऑपरेशन झालं, मग छातीत कफ भरला. माझ्याच हॉस्पिटलमध्ये होते. आठव्या दिवशी मी एकटाच त्यांच्याजवळ बसलो होतो. ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून ते म्हणाले,

“डॉक्टर, अपघात झाला की आमच्यात इन्क्वायरी व्हायची. कारण सापडेपर्यंत फाइल बंद नाही करायची. मी पडल्या पडल्या तेच बघतोय. भजी तळली तेव्हा आला नाही. मासळी तळली तेव्हा आला नाही. टोस्टरला कसा आला?”

मी त्यांच्या चार्टकडे बघत राहिलो.

“तुम्हाला काय वाटतं?” त्यांनी विचारलं.

“जनावर आहे, नाना. बिचकला असेल.”

त्यांना कळलं का, हे मला आजही सांगता येत नाही. ते म्हणाले, “बिचकला तर लांब पळाला असता. जाऊ दे. माझंच शिकवणं कुठेतरी कच्चं राहिलं. त्याला रागवू नका.” त्यांनी स्वतःच मास्क पुन्हा लावून घेतला.

तीन दिवसांनी ते गेले.

“तो कुत्रा मला घरात नको,” वंदना म्हणाली. मीरा रडरड रडली. मी एका शब्दाने विरोध केला नाही. गावाबाहेर टाकलेल्या कुत्र्यांना ठेवून घेणारी जागा होती, तिथे मी त्याला गाडीतून नेलं. काउंटरवरच्या बाईने विचारलं, का सोडताय? मी म्हणालो, “त्याला घराचे नियम नीट शिकवलेले नाहीत.” तिने तसं लिहून घेतलं.

मग तिने आतलं दार उघडलं आणि पट्टा ओढला. रस्त्या उंबऱ्याशी बसला होता. ती त्याला इंग्रजीत गोड बोलून बोलवत होती, पण तो हलला नाही. मान वळवून माझ्याकडे बघत राहिला. शब्दाची वाट बघत होता. शेवटी मी म्हटलं, “चल.” तेव्हा तो उठला आणि आत गेला.

वंदना अजूनही कुणी विचारलं तर सांगते, “नानांनी फार केलं त्या कुत्र्याचं, पण शेवटी त्यांना तो आवरला नाही.” परवा पाहुण्यांसमोर मीराही तेच म्हणाली. मी चहाचे कप गोळा करून आत गेलो.

नाना शिकवण्यात कुठेही कमी पडले नव्हते. रेघ मी मोडली आणि विचारल्यावर खोटं बोललो. हे मला वंदनाला आणि मीराला समोर बसवून सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.