जावेच्या टोपल्यातली धसकटं

सात वर्षांपूर्वी मी तरुण होते, म्हणजे साठीची. अक्कल मात्र सोळाचीही नव्हती.

नात तेव्हा शेतकीच्या कॉलेजात होती. तिनं बिया रुजवून सफरचंदाची रोपं केली. आपल्या वाशिमच्या उन्हात ती टिकतात का, हे तिला बघायचं होतं. सहा मला दिली, सहा माझ्या धाकट्या जावेला. सख्ख्या आजीला सहा आणि चुलत आजीलाही सहाच! तिथूनच माझं पोट दुखायला लागलं.

दोघींची अंगणं लागून, मध्ये गुडघाभर भिंत. महिन्याभरात जावेची रोपं वीतभर वाढली, माझी होती तेवढीच. रोज तोंड धुवायच्या निमित्तानं मी भिंतीशी जायची आणि तिची पानं मोजायची.

"बाई, मोजून वाढत नसते रोप," ती हसायची.

"मी कायले मोजू? माह्या डोयात कचरा गेला."

एक दिवस ती शेतातून टोपलंभर धसकटं घेऊन आली. ज्वारी कापली की तिचे बुडखे मुळांसकट जमिनीत राहतात. ते आम्ही बायका वेचून काढतो, नाहीतर पुढचं पीक धड येत नाही. हे मला परकरात असल्यापासून माहीत. पण तेव्हा वाटलं, हेच हिचं चोरून घालायचं खत! दुपारी तिचा डोळा लागला तसं मी टोपलं पळवलं, ओली धसकटं बारीक तोडली आणि साही कुंड्यांत दाबून भरली. वरून भरपूर पाणी.

पंधरा दिवसांत पानं पिवळी पडली, मग रोपांनी माना टाकल्या. नातीनं येऊन एक उपटून पाहिलं. मुळं काळपट.

"आजी, धसकटं कोनं टाकली यात? ज्वारीच्या मुळातून रस झिरपते. झाडाची मुळं बी श्वास घेतात न! त्या रसानं थो श्वासच कोंडला."

"मले काय मालूम? वाऱ्यानं आली असतील."

भिंतीपलीकडून जाऊ म्हणाली, "चुलीसाठी वाळवाले आनली होती मी थे. वारा टोपल्यासकट नेते काय, बाई?"

टोपलं माझ्या कुंड्यांमागे पालथं पडलं होतं.

ती भांडली असती तर बरं वाटलं असतं. तिनं आपलं सगळ्यात उंच रोप उचलून माझ्या हातात दिलं. ते जगलं, आता माझ्या डोक्यावर गेलंय. आल्यागेल्याला ती सांगते, "बाईच्या दारातलं थे झाड माह्यं हाय." खोटं असतं तर मी तिला सोडलं नसतं. आतल्या आत जळते आणि त्याला पाणी घालते.