पंगत काही उठेना

आमच्या बाबांचं आणि मोठ्या बाबांचं भांडण एका मोहाच्या झाडावरून झालं. मोठे बाबा म्हणजे बाबांचे सख्खे मोठे भाऊ. दोघांची शेतं, म्हणजे धानाच्या बांध्या, एकमेकींना लागून, आणि मधल्या धुऱ्यावर ते झाड. मोहफुलं काही सातबारा पाहून पडत नाहीत. फुलं कोणी वेचायची यावरून एकदा दोघांची तोंडं सुटली आणि मग कायमची बंद झाली. पुढे वादळात झाड आडवं झालं. सरपण दोघांनी अर्धं अर्धं नेलं, चुलीत जाळलं, राखेनं भांडीसुद्धा घासून झाली. भांडण मात्र उभंच. एका अंगणाची दोन अंगणं झाली, मधे तुराट्यांचं कुंपण आलं, आणि बाबा कुंपणाकडे पाठ करून चहा प्यायला शिकले.

मी ब्रह्मपुरीला कॉलेजसमोर झेरॉक्सचं दुकान चालवते. दिवसभर पोरांवर ओरडून जिभेला धार आली आहे. पण या दोघांच्या मधे मी कधी पडले नाही. म्हटलं, बसा फुगून, म्हाताऱ्यांनो. मग मागच्या कार्तिकात कळलं की मोठे बाबा पुण्याला पोराकडे चालले, कायमचे. मोठी आई गेल्यापासून ते एकटेच होते. शेत ठेक्यानं दिलं, गाय विकली, सोमवारी जायचं ठरलं. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "जाऊ दे ना. मले काय करायचं?" आणि ताटातला भात चिवडून उठले. दुसऱ्या दिवशीही तेच. सोमवारच्या आत हे दोघं एकमेकांशी बोलले नाहीत, तर मग बोलणार ते मयतीलाच, आणि तेव्हा एकटाच बोलणार.

म्हणून मी सरदारजींकडे गेले. आरमोरी रस्त्यावर त्यांचा ढाबा आहे, शेजारी टायरचं दुकान. तरुणपणी धान न्यायला ट्रक घेऊन आले, ट्रक इथंच बिघडला, आणि तो दुरुस्त होईस्तोवर माणूस इथलाच झाला. दोघा भावांचे ट्रॅक्टर पंक्चर व्हायचे ते त्यांच्याच दुकानात. ढाब्यामागे टिनाच्या शेडात त्यांनी छोटासा गुरुद्वारा बांधला होता, आणि येत्या रविवारी गुरुपर्वाचा पहिला मोठा लंगर होता. आमच्या गावाला जेवायला बोलावलं होतं, आणायला जीप येणार होती. गावात लगेच चर्चा सुरू झाली की सरदारजी जिल्हा परिषदेले उभे राहून राह्यले. नाहीतर फुकट कोण कोणाला खाऊ घालतो?

मी म्हटलं, "भाऊ, एवढंच करा. दोघांना बाजूबाजूला बसवा."

"नाई जमत, बाई," सरदारजी म्हणाले. "आमच्या पंगतीत जागा ठरवून देत नाई. मंत्री येवो का भंगारवाला, जिथी जागा दिसन तिथी बसाचं."

"मग समजावून तरी सांगा त्यायले."

"आमच्या गुरूंनी तीन गोष्टी सांगितल्या. देवाचं नाव घ्या, कष्टाचं खा, वाटून खा. भावाभावाचं भांडण सोडवा असं वेगळं काई सांगितलं नाई. ते या तिनातच आलं." एवढं बोलून ते टायर ठोकायला लागले.

घरी येऊन मी बाबांना या तिन्ही गोष्टी सांगितल्या. पहिल्या दोन त्यांना पटल्या. तिसरीला म्हणाले, "वाटलं, तिथीच तर सारं बिघडलं." तरी रविवारी ते यायला तयार झाले. मोठे बाबा येणार की नाही, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. कुंपणापलीकडेही मी तेवढंच अर्धं बोलले होते.

आम्ही पोचलो तर दारातच गोंधळ. नागपूरहून सरदारजींची माणसं मदतीला आली होती. त्यातल्या एक बाई, चांगल्या सोनेरी चष्म्याच्या डॉक्टरीण, लोकांच्या चपला घेऊन फडक्यानं पुसत बसल्या होत्या. त्यांनी बाबांची चप्पल धरली. बाबांनी दुसऱ्या बाजूनं धरली.

"सोडा बाई, शेतातला चिखल आहे."

"इसीलिए तो पोंछ रही हूँ, भाईसाहब."

दोघंही चप्पल सोडेनात. मागे अख्खं गाव डोक्याला रुमाल बांधून खोळंबलं. शेवटी सरदारजी आले. म्हणाले, "आमच्यात सगळ्यात मोठा रोग सांगितला तो मीपणा. त्याचं औषध हेच. दुसऱ्याच्या चपला पुसाच्या."

"मले नाई तो रोग," बाबा म्हणाले.

"मग तर सोपं काम आहे. बसा."

आता माघार कशी घेणार? बाबा बसले. आणि आमचे बाबा एकदा कामाला बसले की दुसऱ्याच्या पुढे गेल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. थोड्याच वेळात डॉक्टरीणबाईंच्या ढिगापेक्षा त्यांचा ढीग मोठा झाला, आणि ते त्यांना फडकं पिळायचं कसं ते शिकवू लागले. गावचे लोक आपली चप्पल त्यांच्या हातात द्यायला लाजत होते. बाबा त्यांच्यावरच डाफरले, "काऊन लाजून राह्यला बे? आण इकडे."

मोठे बाबा दुसऱ्या खेपेच्या जीपनं आले. त्यांनी चप्पल डॉक्टरीणबाईंजवळ काढली आणि मान खाली घालून आत गेले. बाबा तेव्हा पाठमोरे होते. नंतर ढिगातून तो जोड त्यांच्या हातात आला. दोघा भावांनी जन्मभर आरमोरीच्या बाजारातून एकाच माणसाकडची टायरच्या तळव्याची चप्पल घेतली आहे, दिसायला अगदी सारखी. फक्त मोठ्या बाबांची चांगली बोटभर मोठी. बाबांनी ती उलटी केली, तळवा पाहिला, आजूबाजूला पाहिलं. मी खांबाआड झाले. मग त्यांनी ती पुसली. पट्टा पुसला, कडा पुसल्या, तळवाही पुसला. तळवा कोण पुसतं, सांगा. फळीवर ठेवली आणि पुढची घेतली.

बाबांना जेवायला बोलावलं तेव्हा पंगत भरत आली होती. आमच्या गावात लग्नाच्या पंगतीत कोणी कुठं बसायचं हे आजही न बोलता ठरलेलं असतं. इथं मात्र गोंडमोहल्ल्यातला म्हातारा आणि सरपंचबाई मांडीला मांडी लावून बसले होते. आमच्या बौद्ध शेजाऱ्यानं सगळ्यात आधी जागा पकडली होती. म्हणाला, "मी जात न विचारणारी पंगत पाहाले आलो, जेवाले नाई," आणि मग चांगला चापून जेवला. मोकळी जागा एकच उरली होती, टोकाला, मोठ्या बाबांच्या बाजूला. बाबा तिथं बसले, जमेल तेवढं अंग चोरून. वाढणारा पोळी घेऊन आला. ती दोन्ही हात पुढे करून घ्यायची असते. दोघा भावांनी नेमके एकाच वेळी हात पुढे केले. चार तळवे, एकाच बापाचे, शेजारी शेजारी. म्हटलं, जमलं.

आणि इथून पुढे सगळं बिघडलं.

सरदारजींनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, "पाहिजे तेवढं घ्या, पण ताटात टाकू नका." आता आमच्याकडची रीत अशी की पोट भरलं की ताटात थोडा भात बाजूला ठेवायचा. मग यजमान समजतो. ताट साफ केलं तर त्याचा अर्थ वाढणारा कमी पडला. पण इथं तर टाकायचं नाही म्हणाले, म्हणून गावानं ताटं चाटूनपुसून साफ केली. साफ ताट दिसलं की वाढणारा धावत येऊन भरायचा. नको म्हणावं तर प्रसाद, त्याला नाही कसं म्हणणार? आणि उठावं तर पंगतीतला सगळ्यात मोठा माणूस उठल्याशिवाय आमच्याकडे कोणी उठत नाही.

सगळ्यात मोठे होते मोठे बाबा. ते उठेनात.

दाल संपली, नवी आली. पोळ्या आल्या. खीर आली, पुन्हा आली. नागपूरच्या लोकांना वाटलं, काय भुकेला जिल्हा आहे. एक तरुण सेवादार डोळे पुसत माझ्याजवळ आला, "दीदी, ऐसी संगत नहीं देखी. सेवा का मौका मिल गया." मागे विझवलेली भट्टी परत पेटवली, परातीत नवी कणीक पडली. सरपंचबाई खिरीकडे पाहून मुक्यानं रडत होत्या. गोंडमोहल्ल्यातल्या म्हाताऱ्यानं डोळे मिटून घेतले होते आणि तसाच चावत होता. बाहेर जीपवाला हॉर्न वाजवू लागला. आमच्या गावाजवळच्या कालव्यावर तेव्हा वाघ फिरत होता, दिवेलागणीच्या आत घरात व्हा असं वनरक्षक रोज सांगून जायचा. बाहेर वाघ, आत खीर. मधे आमचं गाव मांडी घालून बसलेलं.

कोणीतरी हळूच म्हणालं, "मोठे भाऊ, उठा ना आता."

मोठे बाबा समोरच्या बादलीला म्हणाले, "जो शेवटी बसला त्यानं पहिले उठावं."

बाबा त्याच बादलीला म्हणाले, "उठाचा मान मोठ्याचा असते."

आणि दोघांनी पुन्हा पोळीला हात पुढे केले.

मी सरदारजींकडे धावले. "भाऊ, उठवा यांना. माणसं मरतील."

"लंगरमध्ये उठा म्हणाची रीत नाई, बाई. संगत जेवून राह्यली, मी कोण उठवणारा?" त्यांचाही चेहरा पडला होता. कणीक संपत आली असावी.

मग माझं डोकं फिरलं. पंगतीच्या मधे जाऊन उभी राहिले आणि बोलले, "किती खासाल बाप्पा? लाज नाई वाटत? झाड जळून राख झालं अन् तुमचं अजून सुरूच. सोमवारी एक जण चालला पुण्याले. मग बसा तिकडे तो अन् इकडे तुमी, साऱ्या जन्माची पोळी खात."

वाढणाऱ्याची पळी हवेत राहिली. मला वाटलं, संपलं. आपणच मातीत घातलं सगळं.

बाबा खाली मान घालून बसले होते. त्यांनी ताटालाच विचारलं, "सोमवारी किती वाजता?"

"सकाळी," मोठे बाबा म्हणाले. "पहिल्या गाडीनं."

"मग ऊठ ना, भाऊ. बांधाबांध बाकी असंल."

भाऊ. हा शब्द मी बाबांच्या तोंडून कधीपासून ऐकला नव्हता.

"उठलो असतो रे केव्हाचाच," मोठे बाबा म्हणाले. "गुडघा धरला. मांडीच सुटून नाई राह्यली, लहान्या."

"माझीबी."

"मंग हात दे."

दोघांनी एकमेकांचे हात धरले आणि ओढलं. जरासे वर आले आणि धपकन खाली बसले. मी पुढे झाले तर सरदारजींनी मला मनगट धरून थांबवलं. दोघांनी पुन्हा ओढलं. या वेळी कण्हत, एकमेकांच्या खांद्याला लटकत, उभे राहिले. त्यांच्यामागे सगळी पंगत उठली, आणि असा ढेकर निघाला की बाहेरचा जीपवाला आत डोकावला. मी पदरात तोंड घालून रडले. हसतही होते, खरं सांगायचं तर.

लोक भराभर चपला घालून जीपकडे पळाले. हे दोघं लंगडत लंगडत निघाले. ते दाराशी येईस्तोवर फळीवर दोनच जोड उरले होते. बाबांनी वाकून मोठ्या बाबांची चप्पल त्यांच्या पायापुढे ठेवली, मग आपली घातली. जीपमध्ये सगळ्या वाटेनं दोघं दालीत मीठ कमी होतं का यावर बोलत होते. मोठ्या बाबांचं म्हणणं कमी होतं, बाबांचं म्हणणं बरोबर होतं. सोमवारी पहाटे बाबांनी कुंपणाच्या तुराट्या उपटून बाजूला केल्या आणि मोठ्या बाबांची पेटी आमच्या अंगणातून नेली. ती वाट जवळची पडते म्हणाले.

मंगळवारी बाबा अंगणात चालले तर एक पाय फटफट वाजत होता. खाली पाहिलं तर एका पायात मोठ्या बाबांची चप्पल. तेवढ्यात पुण्याहून फोन.

"लहान्या, माझी एक चप्पल तुझ्याकडे राह्यली. मले तुझी आवळते."

"मग ये अन् घेऊन जा."

"तू आणून दे."

"मी काऊन येऊ? तू ये."

तेव्हापासून दर रविवारी हेच भांडण, फोनवर, तासभर. कोणी ऐकत नाही, कोणी येत नाही. मी म्हटलं, बाबा, आरमोरीहून नवा जोड आणते, तर माझ्यावरच उखडले. मी विचारलं, "पण अदलाबदल झाली कशी?"

"गर्दी होती ना," बाबा म्हणाले.

फळीवर दोनच जोड होते. आणि त्यातल्या एकाचा त्यांनी तळवाही पुसला होता.