पान एकसष्ट

दुपारचं जेवण उरकून शैलजाबाई पलंगावर आडव्या होतात. झोपायचा विचार नाही, नुसती पाठ टेकायची आहे. सकाळी लालेचा ईमेल आल्यापासून त्यांचं कशात लक्ष नाही.

लाले म्हणजे फिक्रेत मुअल्लिमांची मुलगी. बाकूला असते. मुअल्लिम म्हणजे तिकडचे गुरुजी. विद्यापीठातल्या मोठ्या प्राध्यापकालाही अझरबैजानात याच शब्दानं हाक मारतात. लालेनं चारच ओळी लिहिल्या आहेत. बाबा गेले. काल त्यांचा चाळिसावा दिवस झाला. शेवटपर्यंत रोज विचारायचे, शैलजाचं पत्र आलं का. तुम्हाला कळवायला उशीर झाला, माफ करा.

माफ करा, म्हणे. ते दोन शब्द वाचल्यापासून शैलजाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालंय.

चाळीस वर्षांपूर्वी शिष्यवृत्ती मिळवून परभणीची ही मुलगी बाकूला गणित शिकायला गेली होती. शिकवणं रशियनमधून आणि तिचं रशियन कच्चं, त्यामुळे पहिला महिनाभर वर्गात प्रत्येक गोष्टीला मान डोलवायची. एक दिवस मुअल्लिमांनी खडू खाली ठेवला. म्हणाले, "जे कळलं नाही त्याला मान हलवू नकोस, पोरी. गणितात भीडभाड चालत नाही." पुढे पाच वर्षं त्यांनी तिला घडवलं. त्या बळावर परभणीच्या कॉलेजात तिची सगळी नोकरी झाली.

आणि यंदा मार्चमध्ये त्यांच्याकडून जाडजूड पाकीट आलं. शहाऐंशी वर्षांच्या माणसानं स्वतःच्या हातानं लिहिलेली दोनशे बारा पानं. एकाच प्रमेयाची सिद्धता, तीस वर्षांची मेहनत. सोबत चिठ्ठी: इथं आता माझं कोणी वाचत नाही. तू वाच. एकसष्टाव्या पानावर मला अडखळल्यासारखं होतं. ते बरोबर आहे का, एवढंच कळव.

ते बरोबर नव्हतं. जी संख्या कायम तेवढीच राहते असं त्यांनी धरलं होतं, ती दर पायरीला कणाकणानं वाढत होती. पुढची दीडशे पानं तिच्यावरच उभी. शैलजाबाईंना हे तिसऱ्याच दिवशी सापडलं. पण लिहायचं कसं? म्हाताऱ्या माणसाला शेवटी शेवटी असं सांगायचं? आज लिहू, उद्या लिहू करत आठ महिने गेले.

पंख्याची घरघर वाढत जाते. खिडकीचं दार आपटतं. हा वारा परभणीचा नाही. बाकूला समुद्रावरून सुटतो तो हा, डोळ्यांत वाळू आणि नाकात तेलाचा वास भरणारा. उठून खिडकी लावावी म्हणून शैलजाबाई पाय खाली टाकतात, तर पायाखाली लाकडी पायऱ्या आहेत.

विद्यापीठातला वर्ग. बाकं रिकामी. फळ्यापाशी फिक्रेत मुअल्लिम ओव्हरकोट घालून, कानटोपी ओढून उभे आहेत. बोलताना त्यांच्या तोंडातून वाफ निघतेय. हा हिवाळा शैलजाबाईंनी पाहिलेला नाही, त्यांच्या पत्रांतून वाचलेला आहे. देश मोडला, वीज गेली, भिंतीतले हीटर थंड पडले. तरी पाच पोरांसाठी ते रोज समुद्रकाठानं चालत शिकवायला यायचे.

"आलीस," ते म्हणतात.

"मुअल्लिम, तुम्ही तर..."

"हो, गेलो. लालेनं कळवलं ना?"

"आज सकाळी."

"मग बस. उभी का?"

त्या बाकावर बसतात. बाक गार आहे आणि परभणीच्या पोस्टातला आहे. समोर तिथली जाळीची खिडकी. पलीकडे कोणीतरी मान खाली घालून शिक्के मारतंय. खिडकीसमोर मुअल्लिम रांगेत उभे आहेत, कानटोपी हातात घेऊन. त्यांच्या पुढे कोणी नाही. मागेही कोणी नाही.

"केव्हापासून उभे आहात?"

"मार्चपासून."

"पुढे तर कोणीच नाही, मुअल्लिम."

"तेच ना. तरी नंबर लागत नाही."

शैलजाबाई उठून त्यांच्या कोटाची बाही धरतात. कोट खरा आहे, ओला आहे. "मी वाचलं होतं. तिसऱ्याच दिवशी वाचून झालं होतं. एकसष्टाव्या पानावर चूक आहे. मला सांगायचा धीर झाला नाही."

मुअल्लिम कान पुढे करतात. "काय म्हणालीस?"

त्या पुन्हा सांगतात. एकेक शब्द सुटा करून सांगतात.

"पोरी, ही कुठली भाषा? मला समजत नाही."

तेव्हा शैलजाबाईंच्या लक्षात येतं की आपण मराठीत बोलतोय. त्या रशियन शब्द शोधतात. चूक याला काय म्हणायचे? वर्षानुवर्षं तोंडात न आलेली भाषा घशाशी येते आणि विरून जाते. मुअल्लिम वाट पाहत उभे आहेत, ओशाळं हसत, जणू न कळणं हा त्यांचाच दोष.

मग त्या पोस्टाच्या भिंतीवरच लिहू लागतात. हातात काय आहे ते त्या बघत नाहीत, पण भिंतीवर पांढरं उमटतं. एक लहानशी श्रेणी. पहिलं पद, दुसरं, तिसरं. खाली ती संख्या, जी तेवढीच राहायला हवी होती. ती वाढते. पुन्हा वाढते. चार ओळींत सगळं संपतं.

मुअल्लिम चष्मा पुसून जवळ जातात. बोट ठेवून वाचतात, वर्गात वाचायचे तसंच, ओठ हलवत. शेवटच्या ओळीपाशी बोट थांबतं.

"सुंदर आहे," ते म्हणतात. "किती छोटं आहे गं. हे मला सुचायला हवं होतं."

आणि खाली बसतात. बसतात ती त्यांच्या स्वयंपाकघरातली खुर्ची आहे. मेणकापडाचं टेबल, शेगडीवर किटली, खिडकीच्या काचेवर वाफ. टेबलावर कागदांचे दोन गठ्ठे. एक शैलजाबाईंच्या ओळखीचा. दुसरा नवा.

"हे काय?"

"मार्चनंतरचं." मुअल्लिम नव्या गठ्ठ्यावरून हात फिरवतात. "तुझं पत्र आलं नाही. मी म्हटलं, शैलजा आहे ती. चूक असती तर तिनं दुसऱ्या दिवशी लिहिलं असतं. तिला मीच शिकवलंय. म्हणजे बरोबर असणार. मग पुढे लिहीत गेलो. डोळ्यांना दिसेना, तेव्हा लाले भिंग धरून बसायची. आणखी नव्वद पानं झाली."

शैलजाबाईंना वाटतं, यांनी ओरडावं. टेबलावर हात आपटावा.

"दुरुस्त होईल, मुअल्लिम," त्या म्हणतात. आता शब्द कुठल्या भाषेतून येतायत त्यांना कळत नाही. "मी करीन. मी अजून आहे."

"होईल?" ते त्यांच्याकडे बघतात, परीक्षेला बसलेल्या पोराकडे बघावं तसं. "खरं सांग. होईल?"

शैलजाबाई मान हलवू पाहतात. मान हलत नाही. आठ महिने रोज त्यांनी त्या पानाशी झटापट केलेली आहे. "नाही," त्या म्हणतात.

"हं. बघ, सांगता येतं की."

ते उठतात. वाडग्यातला फोडलेल्या साखरेचा एक खडा उचलून शैलजाबाईंच्या ओठांपाशी धरतात. त्या घरात असाच चहा प्यायचे, खडा दातांत धरून त्यावरून घोट घ्यायचा. "धर हा. चहा आणतो. तू फार गारठलीयस."

त्या तोंड उघडतात. मुअल्लिम किटलीकडे वळतात. किटली तिथं नाही, शेगडी नाही, भिंत नाही. नुसता वारा आहे आणि नव्वद पानं एकेक करून समुद्राकडे निघाली आहेत. प्रत्येक पान अगदी सुवाच्य, खाडाखोड नसलेलं. शैलजाबाई पकडायला धावतात. एकही हाती लागत नाही. "मुअल्लिम!" त्या ओरडतात, पण दात मिटलेले आहेत.

पंखा फिरतोय. भिंतीवर साडेतीनचं ऊन. उशी ओली झाली आहे. शैलजाबाई उठून बसतात आणि तशाच थबकतात.

दातांमध्ये काहीतरी कडक आहे. जिभेला कड लागते, टोकदार, वेडीवाकडी, हातोडीनं फोडल्यासारखी. खडा अजून विरघळलेला नाही. गोडी आत्ता कुठे जिभेवर उतरू लागली आहे.

स्वयंपाकघरातून धाकट्या बहिणीची, मंदाची हाक येते. "ताई, उठलीस का? चहा टाकू?"

शैलजाबाई तोंड मिटून बसून राहतात.

"ताई? अगं, बोल की."