पाळण्याची राहिलेली फेरी

एसटी यायला अर्धा तास होता आणि आण्णा, म्हणजे माझे वडील, माझी पेटी खांद्यावर घेऊन फाट्याऐवजी तळ्याकडं वळले. मी मागून ओरडले, "आण्णा, गाडी चुकंल." ते थांबले नाहीत. माय म्हणाली, "जा मुकाट. गेल्याबिगर सोडत्यात व्हय ते?"

बागेत रहाटपाळणा उभा होता. आमच्या शेजारची चार पोरं आधीच डब्यांत बसून माझी वाट बघत होती, कारण गाव सोडणाराच्या फेरीला फुकट बसायला मिळतं हे त्यांना ठाऊक होतं. आमच्याकडची रीत अशी की, गाव सोडून निघालेल्या माणसानं पाळणा एक फेरी ढकलायचा, पण स्वतः बसायचं नाही. बसायची फेरी मागं ठेवून जायची. मी नवी साडी खोचली, खाली येणारा डबा छातीशी घेतला आणि ढकलला. पोरं किंचाळली. पाळणा थांबल्यावर आण्णा एवढंच म्हणाले, "तुजी एक फेरी ऱ्हायली बग. आली की बस."

एसटी भूमच्या रस्त्याला लागेपर्यंत मी रडले नाही. पुण्याला छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवायचं काम मिळालं होतं. गावातून एवढ्या लांब एकटी नोकरीला निघालेली मी पहिली मुलगी. माझ्या मनात घर सोडल्याचं दुःख कमी आणि गुर्मी जास्त होती. ती गुर्मी पुढं मला कुठं घेऊन गेली, ते सांगण्यासाठी हे लिहिते आहे. गावात राहिलात त्यांच्यासाठी आणि माझ्यासारखे निघून आलात त्यांच्यासाठीही.

पाळण्याची गोष्ट बहात्तरच्या दुष्काळातली. गावाच्या वर पाझर तलावाचं काम निघालं होतं. सगळं गाव खडी फोडायला आणि माती वाहायला होतं. दोन एकरवाला होता, चाळीस एकरवाला होता, आणि आमच्यासारखे काहीच नसलेले होते. दुष्काळानं पहिल्यांदा सगळ्यांच्या हातात एकसारखी टोपली दिली. बायकांची तान्ही पोरं बाभळीखाली फडक्यावर पडलेली असायची आणि थोडी मोठी दिवसभर उन्हात कावलेली. तिथंच काम करणाऱ्या एका सुतारानं मोडक्या बैलगाडीचा आस घेतला, वासे जोडले, चार खोकी टांगली आणि पाळणा उभा केला. ढकलायचा कुणी, यावर पहिल्याच दिवशी भांडण झालं. त्या भांडणातून नियम निघाला, एक फेरी ढकल आणि एक फेरी बस. मग कुणी का असेना.

हा नियम साधा वाटतो. पण त्या सालात गावच्या आडावर आम्हाला आमच्या हातानं पाणी शेंदता येत नव्हतं. आमच्या वस्तीनं धम्म घेऊन सोळा वर्षं झाली होती, तरी घागर लांब ठेवून उभं राहावं लागे. आणि इथं, आडापासून हाकेच्या अंतरावर, पाटलांचा नातू माझ्या हातानं ढकललेल्या डब्यात बसायचा आणि उतरल्यावर माझा डबा ढकलायचा. कुणी ठराव केला नव्हता, कुणी भाषण केलं नव्हतं. लाकडावर सगळ्यांच्या तळव्यांचा घाम होता, आणि त्यानं ते गुळगुळीत होत गेलं.

तलाव झाला. मागं उरलेल्या जागेवर लोकांनी श्रमदानानं बाग केली. लिंबाची झाडं, दगडी घसरगुंडी, सिमेंटचा एक हत्ती ज्याची सोंड दुसऱ्याच वर्षी मोडली. बाग सांभाळायला सहकारी संस्था काढली. सभासद व्हायचं तर तीन दिवस अंगमेहनत द्यायची, एवढीच अट. पाळण्याची देखभाल आण्णांकडं आली. सोनारीच्या भैरोबाला जाऊन परतणारी माणसं वाट वाकडी करून यायची, लांब बेंबळीकडचे पाहुणे बैलगाड्या जुंपून यायचे. धोतरवाले म्हातारे पाळणा ढकलताना लाजायचे आणि बसल्यावर पोरांपेक्षा जास्त ओरडायचे.

मी वाचायला शिकले आण्णांच्या पेटीतल्या पत्रकांवर. सभांची, मोर्चांची, धम्मदीक्षेच्या वेळची पिवळी पडलेली पत्रकं त्यांनी फडक्यात बांधून ठेवली होती. इतर पोरी 'कमळ' वाचायच्या तेव्हा मी 'बंधूंनो आणि भगिनींनो' वाचत होते. त्यामुळं असेल, पण छापलेला शब्द खोटा नसतो असं मला फार दिवस वाटत राहिलं.

पुण्यात ती समजूत आणखी पक्की झाली. दिवसभर डाव्या हातात ओळ रचायची पट्टी, म्हणजे स्टिक, उजव्या हातानं खिळे उचलायचे, ओळ बांधायची, गॅलीच्या लांब तबकात सरकवायची. प्रूफ काढलं की बोटांवर शाई. हॉस्टेलातल्या मुली म्हणायच्या, "जेवायला बसतेस का अंगठा उठवायला?" रविवारी दुपारी कासारवाडीत महादूच्या खोलीवर आम्ही गावचे आठदहा जण जमायचो. महादू माझ्याच वर्गातला, कारखान्यात लेथवर. गुलाबभाई टेम्पो चालवायचे. चहा, शेंगदाणे आणि गावाच्या गप्पा.

चौथ्या वर्षी महादूच्या भावाचं पत्र आलं आणि गप्पांचं भांडण झालं. संस्थेचे नवे चेअरमन दौलतराव पाळण्याला डिझेल इंजिन बसवणार होते. तिकीट लावणार होते. बागेला तारेचं कुंपण, आणि चारांतला एक डबा संचालक आणि पाहुण्यांसाठी राखीव.

"संपली बाग," महादू म्हणाला. "आता त्या हत्तीवर बसायचं तरी अर्ज करावा लागंल. तीन प्रतीत."

गुलाबभाई हसले. "अरे मियाँ, तू दिवसभर मशीनवर काम करतो. गावानं का हातानंच ढकलावं? इंजिन आलं तर काय आभाळ पडतंय?"

"इंजिनाचं न्हाय भाई, नियमाचं बोलतोय मी."

"नियम को डिझेल नहीं लगता. पाळणे को लगता है. म्हातारा झालाय तो."

"पाळणा का तुम्ही?"

सगळे हसले, मी हसले नाही. मी गुलाबभाईंना म्हटलं की तुमच्यासारख्यांमुळंच दौलतरावांचं फावतं. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हटलं, "ताई, एक विचारू? आण्णांना विचारलं का, त्यांना काय वाटतं?" मी म्हटलं, माझ्या वडिलांना मला विचारावं लागत नाही.

हे वाक्य मी इथं मुद्दाम लिहिलं आहे.

त्या आठवड्यात मालकांची परवानगी काढून, काम सुटल्यावर मी पत्रक जुळवलं. मथळा होता, 'पाळणा कुणाचा?' खिळे माझ्याच हातचे, मजकूर माझाच. इतर मुद्दे आजही मागं घेणार नाही. श्रमदान न करता सभासद झालेली नवी माणसं कुठून आली, राखीव डबा म्हणजे पुन्हा वेगळी घागर नाही का, हे प्रश्न खरे होते. पण शेवटी मला एक जोरदार वाक्य हवं होतं. मी लिहिलं: 'ज्यांनी बारा वर्षं हा पाळणा सांभाळला ते माझे वडील खांदा मोडेपर्यंत तो हातानं ढकलतील, पण इंजिनाला हात लावणार नाहीत.' ओळ अगदी मापात बसली. एक खिळाही जास्त झाला नाही.

वार्षिक सभेला मी आणि महादू गठ्ठा घेऊन गावी गेलो. सभा बागेतच, लिंबाखाली, भर दुपारी. घरी न जाता आधी पत्रकं वाटली. आण्णांच्या हातात पडलं तेव्हा ते पाळण्याच्या खांबाला टेकून उभे होते. त्यांनी सावकाश वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं. माझ्याकडं बघितलं नाही.

दौलतराव हुशार माणूस. त्यांनी माझ्या प्रश्नांना हातच लावला नाही. पत्रकातलं शेवटचं वाक्य मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले, "लेक शिकलेली हाय, झ्याक लिवती. पन ज्येंचं नाव घेतलंय त्ये हितंच हायेत. त्येनीच सांगावं."

आण्णा पुढं आले. उजवा हात वर करायला गेले. तो खांद्याच्या रेषेपर्यंत आला आणि थांबला.

"ह्यो एवढाच जातोय वर. दोन वर्सं झाली. इंजिन म्याच मागितलं."

कुणीतरी फिस्सकन हसलं, मग बरेच जण हसले. माझ्या हातात उरलेली पत्रकं होती. ती कुठं ठेवावीत कळेना.

"पोरगी लांब ऱ्हाती," आण्णा म्हणाले. "तिला दिसलं न्हाय. म्या बी कळवलं न्हाय. ती तिकडं मशीनवर छापती, मग म्या हितं मरंस्तवर ढकलावं व्हय? इंजिन पायजे."

दौलतराव लगेच म्हणाले, "मग ठराव मंजूर. इंजिन, तिकीट, राखीव डबा."

"थांबा." आण्णांचा आवाज चढला नव्हता, पण हसणारे थांबले. "इंजिनाला व्हय म्हणलो. डब्याला न्हाय. इंजिनाला हँडल मारावं लागतंय. दर फेरीला इंजिन बंद करू, डिझेल बी वाचंल. ज्येला बसायचंय त्येच्यातल्या एकानं हँडल मारायचं, मग बसायचं. चेअरमन असू द्या न्हायतर आजून कोन. बायकापोरांनी दोघातिघांनी मिळून मारावं. एवढं लिवा, म्हंजे झालं."

मी चार वर्षं खिळे जुळवत होते, पण इंजिन आणि नियम एकाच वाक्यात बसतात हे मला सुचलं नव्हतं.

हात वर झाले. आमच्या बाजूनं जुनी माणसं, ज्यांनी माती वाहिली होती. पलीकडं नवे सभासद, ज्यांनी एक टोपलीही उचलली नव्हती. ते जास्त होते. ठराव दौलतरावांच्या मनासारखा झाला. इंजिन दुसऱ्याच आठवड्यात आलं, आणि मी रजा वाढवून थांबले होते म्हणून पुढचं डोळ्यांनी बघितलं.

उद्घाटनाला पाहुणे आले. राखीव डब्यावर पांढऱ्या रंगात 'संचालक मंडळ' लिहिलेलं. आण्णांनी हँडल उचललं, दौलतरावांपुढच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "माजा खांदा दुकतोय."

दौलतरावांनी शेजारच्या गड्याला खुणावलं. तो एक जुना सभासद, अंगानं पैलवान. तो हँडलाकडं बघून म्हणाला, "माजा बी दुकतोय, चेअरमनसाहेब. कालपासनं."

तिसरा म्हणाला, "मला तर दोनी बाजूनं चमक हाय."

मागून एक म्हातारी ओरडली, "समद्या गावाच्या अंगावरनं वारं गेलंय गं बया!" आणि हशा पिकला. नवे सभासद शर्टाच्या बाह्यांकडं बघत उभे राहिले. सगळ्यांसमोर हँडल मारणं त्यांना कमीपणाचं वाटत होतं. पाहुणे चहा पिऊन गेले. पाळणा हलला नाही.

हा विजय आहे असं मला त्या दिवशी वाटलं. आता नक्की सांगता येत नाही. आज तीन महिने झाले, पाळणा उभाच आहे. आण्णांचं काम गेलं. बागेत पोरं येतात, कुंपणातून डबे बघतात आणि मोडक्या सोंडेच्या हत्तीवर बसून परत जातात. कासारवाडीत दर रविवारी वाद चालूच आहे. महादू म्हणतो, दौलतरावांनी बाग मारली. गुलाबभाई म्हणतात, दौलतरावांनी निम्मी मारली, उरलेली हट्टानं. मी दौलतरावांना माफ करायला तयार नाही. बागेला कुंपण घालणारा माणूस बागेचा नसतो. पण आजकाल गुलाबभाई बोलायला लागले की मी मधे तोंड घालत नाही.

उद्घाटनानंतर मी पुण्याला परत निघाले त्या सकाळी आण्णा पुन्हा मला तळ्याकडं घेऊन गेले. या वेळी पेटी मीच घेतली. माय मागून आली. कुंपणाचं फाटक उघडं होतं. आण्णांनी डाव्या हातानं इंजिनाचा पट्टा काढला, चाक मोकळं केलं. मी म्हटलं, "ढकलते. पण आज पोरं नाहीत."

माय म्हणाली, "त्येनला बसू दे. तुझे आण्णा हितं एकदा बी बसलं न्हाईत."

मी आण्णांकडं बघितलं. बारा वर्षं त्यांनी गावाला फिरवलं होतं. ते कसनुसं हसले आणि राखीव डब्यात चढले, कारण खाली तोच होता. वजन एका बाजूला गेलं, मला एकटीला पाळणा हलेना. मग दोघींनी मिळून समोरचा डबा कसाबसा खाली आणला आणि माय पदर खोचून त्यात बसली.

मी खांदा लावला. पहिल्यांदा गाव सोडताना ढकलली ती पोरं हलकी होती, हे मला तेव्हाच कळलं. चौथ्या ढकलीला खांद्यात आग झाली. वरून आण्णांचा आवाज आला, "तळ्यात पानी हाय की गं आजून!" माय ओरडली, "हळू गं रांडं, म्या पडन!" मी थांबले नाही. एक फेरी पुरी झाली तेव्हा दोन्ही हातांनी खांब धरून उभी राहिले. आण्णा उतरले, 'संचालक मंडळ' या अक्षरांवरून तळवा फिरवला आणि म्हणाले, "रंग चांगला लावलाय."

आठवडाभर छापखान्यात खिळे उचलताना माझा खांदा ठसठसत होता. बारा वर्षांचं किती होत असेल, याचा हिशेब मला लागला नाही.

घर म्हणजे काय असं हॉस्टेलातल्या मुली विचारतात तेव्हा पूर्वी मी लिंबाची झाडं, तळं, मायचा आवाज असं काहीतरी सांगायचे. आता सांगते, ज्यांच्याबद्दल छापण्याआधी विचारावं लागतं ती माणसं म्हणजे घर. म्हणून हे लिहिलं आणि सगळ्यांत आधी गावी पाठवलं. महिन्यानं कार्ड आलं, आण्णांच्या वाकड्या अक्षरात, डाव्या हातानं लिहिलेलं.

'वाचलं. छाप. खांद्याचं कमी कर. तुझी फेरी राहिली हाय ते लिवायचं इसरू नको.'

खांद्याचं कमी केलं आहे, आण्णा. उरलं ते माझ्या खांद्याचं. आणि फेरी राहिली आहे. हँडल मारूनच बसणार आहे, तोवर ठेवा.