तारेवर नसलेलं पत्र

आमचे आबा कापसाच्या एका जिनिंगमध्ये देखरेखीला होते. जिनिंगचे मालक बडे उद्योगपती, राहायला मुंबईत. पण कापसाचं काही विचारायचं झालं की मुनीमजींना वगळून स्वतःच्या हातानं आबांना पत्र लिहायचे. आमच्याकडे रीतच होती, तशी आबांनी ती सगळी लोखंडी तारेत ओवून खुंटीला टांगली होती. चाळीस वर्षं नुसती धूळ आणि पाली.

मागच्या हिवाळ्यात पुण्याहून एक गृहस्थ थेट आमच्या गावी, ब्राह्मणपुरीला आले. उद्योगपतींची जुनी पत्रं जमवायचा त्यांना नाद. मी म्हटलं, घ्या, उचला ती जळमटं एकदाची! त्यांनी पांढरे हातमोजे चढवले, तशी मायनं मला हळूच विचारलं, "डाक्तर शे का रे हाऊ?"

आबा इस्त्रीची टोपी घालून बसलेले. एकेक पत्र निघत होतं. 'ओल किती ते कळवा.' 'मिरची पाठवा, पण मागची सूनबाईंना फार झोंबली.' पाहुणे खूश. मग आबांनी घसा खाकरला. मी कपाळावर हात मारला. आली, ती गोष्ट आली!

एका वर्षी मालकांनी आबांचं न ऐकता ओला कापूस घेतला. तो गंजीतच तापून पिवळा पडला. त्यावर 'तुम्ही खरे' असं मालकांनी लिहून पाठवलं, हे आबा जन्मभर सांगत आले. ते पत्र मात्र कुणीच पाहिलेलं नाही. शेजारी त्याला 'आबांची थाप' म्हणत. आम्ही हसायचो आणि सगळ्यांत जास्त माय, तोंडाला पदर लावून.

पाहुणे सरसावून बसले. "ते आधी दाखवा! बाकीची तार एकीकडे आणि ते एक पत्र एकीकडे. ही माणसं चूक कधी लिहून देत नाहीत हो."

तार संपली. पत्र नव्हतंच. आबांनी पुन्हा दोनदा सगळी उलटसुलट केली. मला इतक्या वर्षांच्या हसण्याची पहिल्यांदाच लाज वाटली.

"तो कागद मी फाडा," माय दारातून म्हणाली.

झालं असं होतं, की पहिली ओळ वाचूनच आबा हरखून गावभर सांगत सुटले. खालचं वाचलं मायनं. शेवटी मालकांची आई वारल्याचं होतं. "मरनना कागद घरमा कोन ठेवस?" वाचला, फाडला, डोक्यावरून पाणी घेतलं, मोकळी झाली!

"आन वर माले हासत व्हती?" आबा लालबुंद.

सांगितलं असतं तर तुम्ही घर डोक्यावर घेतलं असतं, असं तिचं म्हणणं. मग शाळेतल्या पोरीसारखे हात बांधून, भिंतीकडे बघत ती म्हणायला लागली, "'तुम्ही खरे. तुमच्या हाताला कळलेली ओल मला हिशेबात कळली नाही. चूक माझी.'"

"तुले पाठ कसा?"

"फाडाना पहिले मी चार दाव वाचा. तुमले खरं कोन म्हनतं व्हतं तोवर?"

तोंडी पत्राला संग्रहात जागा नाही, असं म्हणून पाहुणे उरलेली तार घेऊन निघाले. आबांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. टोपी नीट केली आणि मायला म्हणाले, "आखो एकदाव म्हन. जोरमा म्हन, शेजारले आयकू जाऊ दे."