हिरव्या रेषेवर टॉवेल

तिला ऑफिसात सगळे वहिनी म्हणत. कोणाची वहिनी, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. बावीस वर्षं ती विमानांचे मार्ग आखत होती: वारा कसा, ढग कुठे, इंधन किती भरायचं. मग नवा संगणक आला. तो दोन सेकंदांत तीन मार्ग सुचवायचा. त्याच्या मते सर्वांत चांगला तो हिरव्या रेषेत. हिरवं मान्य असेल तर एक बटण. नसेल तर कारणं द्यायचा चार पानी फॉर्म. साहजिकच सगळ्यांना हिरवंच पटू लागलं. वहिनीलाही.

एका दुपारी उड्डाणाआधी कॅप्टनचा फोन आला.

"वहिनी, या मार्गावर समोरच काळाकुट्ट ढग दिसतोय."

"दिसत असेल. पण रेषा हिरवी आहे."

"अहो, मी खिडकीतून बघतोय!"

"मग जरा नीट बघा."

फोन ठेवला आणि ती चपापली. ढग डोळ्यांनी बघणाऱ्या माणसाला आपण ढग नाही म्हणून सांगितलं! तिने रडारचं ताजं चित्र उघडलं. ढग होता, चांगला ऐसपैस पसरलेला. तिने घाईघाईने मार्ग बदलला, कॅप्टनची माफी मागितली आणि संध्याकाळपर्यंत फॉर्म भरत बसली.

दुसऱ्या दिवशी तिने नवऱ्याचा टॉवेल आणून स्क्रीनवर टाकला. आधी कागदावर स्वतःचा मार्ग आखायचा, मगच टॉवेल उचलायचा.

साहेब तडक आले. "हे काय वाळत घातलंय?"

"साहेब, ते हिरवं एकदा दिसलं की मला दुसरं काही सुचतच नाही. म्हणून आधी माझं डोकं, मग त्याचं."

"टॉवेल नियमात बसत नाही."

"मग बसवा की!"

साहेबांनी समिती नेमली. तीन बैठकांनंतर परिपत्रक निघालं: टॉवेल करडा, अडीच फुटी, ओला नसावा. ऑफिसातल्या सातही टेबलांवर टॉवेल आले. पाहुण्यांना वाटे, संगणकांना ताप आलाय.

सहा महिन्यांत वहिनीचा आणि संगणकाचा मार्ग एकवीस वेळा वेगळा निघाला. विमानं उतरल्यावर ताडून पाहिलं, तर बारा वेळा ती बरोबर, नऊ वेळा तो.

"म्हणजे नऊ वेळा तुम्ही चुकलात," साहेब म्हणाले.

"हो. आणि कुठे चुकले, तेही कळलं. पूर्वी बरोबर आलं तरी का आलं, ते कळत नव्हतं."

साहेबांनी आकडे पुन्हा एकदा वाचले. मग त्यांनी तिला नव्या मंडळींना शिकवायला पाठवलं. तिथे पहिला आठवडा ती संगणक चालूच करू देत नाही. मंडळी कुरकुरतात, पेन्सिली मोडतात. पण शनिवारपर्यंत वाऱ्यावरून त्यांची आपसात कडाक्याची भांडणं सुरू होतात. वहिनी त्यांना खुशाल भांडू देते.