आमच्या स्टँडचा नेम

जळगाव स्टेशनजवळचं आमचं सायकल स्टँड का बंद पडलं, असं कुणी विचारलं की आबा, म्हणजे माझे वडील, भलत्याच गोष्टींवर खापर फोडतात. पॅसेंजर गाड्या बेभरवशाच्या झाल्या, रोज रेल्वेनं अप-डाउन करणाऱ्यांनी मोटारी घेतल्या, जागामालकाला तिथं कॉम्प्लेक्स बांधायचं होतं. सगळं खरं आहे. पण आबांचं मन त्याच्या आधीच उडालं होतं, आणि ते माझ्यामुळं. घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे, बोलत कुणी नाही.

स्टँड आजोबांनी सुरू केलं. दोंडाईच्याहून आले, चार बांबू रोवले, वर पत्रे टाकले, खाली सायकली. पुढं स्कूटर, मोटारसायकली आल्या, तरी नाव सायकल स्टँडच राहिलं. आबांनी त्यात आपली एक रीत घातली. सकाळी गाडी लावणारा संध्याकाळी कोणत्या पॅसेंजरनं परतणार, हे त्यांना तोंडपाठ असे. भुसावळहून लवकर येणाऱ्यांच्या गाड्या पुढं, पाचोऱ्याकडून उशिरा येणाऱ्यांच्या भिंतीशी. दिवसभर गाड्या हलवाव्या लागत, म्हणून नेहमीची माणसं चाव्या आमच्याकडंच ठेवून जात.

एकदा आजोबांनी एकाची सायकल त्याच्या सख्ख्या भावाच्या हाती दिली होती. भावानं ती विकून खाल्ली. आजोबांनी भरपाई म्हणून स्वतःची सायकल दिली आणि नेम केला, की ज्यानं गाडी लावली त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाला तिला हातही लावू द्यायचा नाही. दुधानं तोंड पोळलेलं आमचं घर, तीन पिढ्या ताक फुंकत बसलं.

बी. कॉम. होऊन नोकरी मिळेना, तेव्हा मी स्टँडवर बसायला लागले. राग माझ्या नाकावरच. त्यात पोरगी बघून जो तो शहाणपण शिकवायचा, म्हणून मी आबांपेक्षाही कडक झाले.

आबा धुळ्याला एका लग्नाला गेले होते, त्या दुपारी एक बाई रिक्षातून उतरल्या. हाताला कणीक तशीच होती. भुसावळच्या एका कारखान्यात जाणाऱ्या आमच्या जुन्या गिऱ्हाइकाचं नाव त्यांनी सांगितलं. त्या त्याच्या बायको. नवरा कामावर कोसळला होता, आणि तिथल्या दवाखान्यात कामगार विम्याच्या कार्डावाचून काम अडलं होतं.

“बेटा, डिकी खोली दे. यास्नं दवाखानानं कार्ड शे तठे.”

त्याच्या स्कूटरची चावी माझ्या डोक्यामागं खिळ्याला लटकत होती.

“काकू, त्यास्लेच धाडा,” मी म्हणाले. “आमना नेम शे.”

कोसळलेल्या माणसाला धाडा! हे मी बोलले. थापा मारून गाडी न्यायला आलेले लोक मी पाहिले होते, ही माझी सबब. पण बाई गाडी मागतच नव्हत्या, नुसती डिकी उघड म्हणत होत्या. आबांना फोन करता आला असता. माझ्या तोऱ्यात तोही केला नाही. त्या तशाच रिक्षात बसून निघून गेल्या. त्या रडल्या असत्या तर मी विरघळले असते, असं कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आले. म्हणजे दोष पुन्हा त्यांच्याच माथी मारत आले.

संध्याकाळी आबा परतले. मी सगळं सांगितलं. प्रवासानं ते दमले होते, अर्धवट ऐकून त्यांनी शाबासकीच दिली, “बेस करं, बेटा.” दुसऱ्या दिवशी सकाळी अप-डाउनवाल्यांनी बातमी आणली, माणूस गेला. कार्ड वेळेवर मिळालं असतं तर वाचला असता का, कुणास ठाऊक. कुणा डॉक्टरला विचारायची माझी छाती अजून झालेली नाही.

तेरावं झाल्यावर आबा आणि मी स्कूटर घेऊन त्यांच्या घरी गेलो. आबांनी ती चालू केली नाही, ढकलत नेली. बाई ओट्यावर आल्या.

“त्या दिनले कोन बठेल व्हतं?” त्यांनी विचारलं आबांना, पण नजर माझ्यावर होती.

“मीच व्हतू,” आबा म्हणाले.

मी त्यांच्या शेजारीच उभी होते. बाईंना खोटं कळत होतं. आबांनाही कळत होतं की त्यांना कळतंय. मला दोनच शब्द बोलायचे होते. तोंडातून निघाले नाहीत, आणि त्यानंतर आजतागायत निघालेले नाहीत.

“माले नको गाडी. लई जा,” म्हणत बाईंनी दार लावून घेतलं.

परतीचा रस्ता लांबचा होता. भर उन्हात आबांना धाप लागली. मी दोनदा हँडलला हात घातला. दोन्ही वेळा त्यांनी माझा हात बाजूला केला, आणि गाडी ढकलत राहिले.